वाइनचं मासिक लावायचंय, नवख्याने कुठलं लावावं?

बुचकळ्यात :

वाइनची जेमतेम तोंडओळख आहे. काबर्ने सोविन्यों, मर्लो, शिराज, शार्डने, रीसलिंग ही द्राक्षाच्या जातींची नावं लेबलवर ओळखू येतात. तुरटपणा टॅनिनचा आणि तोंडाला पाणी सुटतं ते आम्लतेमुळे, एवढं जिभेलाही समजतं. त्यापुढे अंधार. इंग्रजी वाचायला अडचण नाही.

डिकँटर, वाइन स्पेक्टेटर आणि वाइन एन्थुझिअस्ट ही तीन नावं सगळीकडे दिसतात. नवख्याच्या दृष्टीने त्यांत फरक काय? कोणी शंभरपैकी गुण देतं, कोणी वीसपैकी, ते एकमेकांशी ताडून कसे बघायचे? आणि 'ग्रॅफाइट, देवदार, ओला पाचोळा' असली वर्णनं वाचून नेमकं शिकायचं काय? अंक चाळले तर पानंच्या पानं त्यांनीच भरलेली दिसतात. फुकट मिळतं त्यावर भागणार असेल तर तसंही सांगा.

साका :

वर्षाची वर्गणी इतक्यात भरू नका. तिन्हींचा एकेक सुटा अंक घ्या, छापील किंवा डिजिटल, आणि पानं तीन गठ्ठ्यांत मोजा: जाहिराती, गुणांच्या याद्या आणि समजावून सांगणारे लेख. तिसऱ्या गठ्ठ्यात काय धरायचं याबाबत कडक राहा. 'घराण्याची चौथी पिढी आणि मळ्यावरचं मावळतं ऊन' हा लेख त्यात येत नाही. उंचावरच्या मळ्यात रात्री गार असल्या की द्राक्षात आम्लता का टिकते, अमेरिकन ओकच्या पिंपाने चवीत काय फरक पडतो, कापणी आठवडाभर लांबली तर साखर आणि मद्यार्क किती चढतो, हे सांगणारा लेख असेल तर धरा. नकाशा असेल तर उत्तमच. असे तीन लेख एका अंकात निघाले तर अंक पैसे वसूल आहे.

मोजताना एका जागी फसायला होतं. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रमोशनल फीचर', 'पार्टनर कंटेंट' किंवा 'इन असोसिएशन विथ' असं छापलेलं असतं आणि खालची मांडणी अगदी संपादकीय लेखासारखी असते. पैसे देऊन छापून घेतलेला मजकूर आहे हा. त्यातली माहिती खोटीच असते असं नाही, नकाशे तर कित्येकदा सरस असतात. पण त्या प्रदेशाचं वाईट गेलेलं वर्ष तिथे कधी सापडणार नाही. ही पानं जाहिरातींत मोजा.

आता तिघांबद्दल. डिकँटर ब्रिटिश, १९७५ पासूनचं, आणि कल युरोपकडे. त्यातली बघण्याची गोष्ट म्हणजे पॅनेल टेस्टिंग. तीन परीक्षक लेबल न बघता एकच वाइन चाखतात, आपापले गुण देतात आणि तिघांचे आकडे सरासरीसकट छापले जातात. एकाच ग्लासबद्दल तीन मुरलेल्या जिभा किती वेगळं बोलतात हे तिथे उघड दिसतं. नवख्याने ते लवकर बघितलेलं बरं. उणीव अशी की वाचकाला पुष्कळ माहीत आहे असं हे मासिक धरून चालतं. फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशात नदीचा डावा काठ म्हणजे काबर्नेचं प्राबल्य आणि उजवा काठ म्हणजे मर्लोचं, हे सांगायला कोणी थांबत नाही.

वाइन स्पेक्टेटर अमेरिकन. सुरुवात १९७६ ची, मार्विन शँकेन यांच्याकडे ते १९७९ मध्ये आलं. इथे पॅनेल नाही. प्रदेश वाटून दिलेले असतात आणि प्रत्येक टिपणाखाली चाखणाऱ्याची आद्याक्षरं असतात. चाखणी लेबल झाकूनच होते. एकाच माणसाची टिपणं सलग वाचता येतात, हा मोठा फायदा. शिवाय टिपणाच्या शेवटी किती केसेस तयार झाल्या किंवा आयात झाल्या तो आकडा असतो, तो आवर्जून बघा. एक केस म्हणजे ७५० मिलिलिटरच्या १२ बाटल्या. ४०० केसेस म्हणजे ४,८०० बाटल्या, आणि तो एकूण उत्पादनाचा आकडा असेल तर सगळ्या जगाला मिळून तेवढ्याच. अशी वाइन तुमच्या हाती लागण्याची आशा धरू नका, टिपण वाचून सोडून द्या. २०,००० केसेसच्या पुढची वाइन सापडू शकते. चैनीच्या जाहिरातींची या अंकांत रेलचेल असते, ती पानं भराभर उलटायची.

वाइन एन्थुझिअस्ट १९८८ चं. भाषा तिघांत सोपी आणि पायाभूत लेख सर्वांत जास्त. ८० च्या खाली गुण मिळालेल्या वाइनची टिपणं ते छापत नाहीत, त्यामुळे यादीत सगळंच बरं दिसतं. हीच कंपनी ग्लास आणि वाइनची कपाटं विकते. ग्लासच्या आकारावरचा लेख वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

माझ्या मते सुरुवात एन्थुझिअस्टच्या दोन-तीन अंकांनी करावी आणि मग डिकँटरकडे सरकावं. स्पेक्टेटर मुख्यतः अमेरिकन वाइन पिणाऱ्यासाठी. वाइन अ‍ॅडव्होकेट आणि व्हिनस या समीक्षेच्या प्रकाशनांत टिपणांचा भरणा असतो, त्यांचा उपयोग ठरवून साठा करणाऱ्याला. वर्ल्ड ऑफ फाइन वाइन हे २००४ पासूनचं त्रैमासिक. त्यातले निबंध सुरेख असतात, पण आत्ता डोक्यावरून जातील. नोबल रॉट (२०१३) वाइनपेक्षा लेखनासाठी वाचावं. त्याने शिस्तशीर शिक्षण होणार नाही, पण कंटाळाही येणार नाही.

आंबटशौकीन :

वरच्याशी बव्हंशी सहमत. पॅनेलबद्दल मतभेद आहे, तो शेवटी. आधी गुणांचं बघू.

शंभराची पट्टी मुळात पन्नासाची आहे. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये वाइन अ‍ॅडव्होकेट काढलं आणि त्यातून ती रूढ झाली. त्यांच्या पद्धतीत ५० गुण प्रत्येक वाइनला हजेरीचे मिळतात. उरलेल्यांत रंगरूपाला ५, वासाला १५, चव आणि शेवटाला २० आणि एकूण दर्जा व मुरण्याच्या क्षमतेला १० पर्यंत. म्हणजे ८० गुणांच्या वाइनने खरं तर ५० पैकी ३० मिळवलेले असतात. स्पेक्टेटरच्या पट्टीत ९५ ते १०० सर्वोच्च, ९० ते ९४ उत्कृष्ट, ८५ ते ८९ खूप चांगली, ८० ते ८४ चांगली, ७५ ते ७९ सुमार आणि त्याखाली शिफारस नाही. छापलेल्या यादीत मात्र बहुतेक आकडे ८५ च्या वरच दिसतात, म्हणून ८६ वाचून 'काठावर पास' वाटतं. तसं नाही, ती रोज पिण्याजोगी चांगली वाइन आहे.

वीसची पट्टी ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन वापरतात. तिथे १५ म्हणजे निर्दोष पण सर्वसाधारण, १६ म्हणजे उठून दिसणारी, १७ सरस आणि १८ त्याहून वर. नवखे इथे पाचाने गुणतात. १६.५ चे ८२.५ होतात आणि चांगली वाइन सामान्यांत जमा होते. दोन पट्ट्यांत रूपांतर करूच नका. प्रत्येक मासिकाच्या गुणांमागचे शब्द त्याच्या सुरुवातीच्या पानांवर किंवा संकेतस्थळावर दिलेले असतात, ते एका कागदावर उतरवून ठेवा आणि आकड्याऐवजी शब्द वाचा.

आकडा किती डळमळतो त्याचा पुरावा आहे. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा दिली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक साधारण दहा टक्केच निघाले, आणि चार गुण इकडे-तिकडे होणं ही नेहमीची गोष्ट. तेव्हा ८९ आणि ९१ यांत निवड करायची असेल तर आकडे झाकून टिपण वाचा. नव्वदीची रेघ विक्रीसाठी महत्त्वाची आहे, जिभेला ती कळत नाही.

आता मतभेद. लेबल झाकणं चांगलंच, पण एका बैठकीत ओळीने अनेक वाइन चाखताना गडद, ओकचा वास मारणारी, जास्त मद्यार्काची वाइन पटकन नजरेत भरते. हलकी, आम्लतेवर उभी असलेली वाइन त्या गर्दीत मागे पडते. त्यातही पॅनेलची सरासरी काढली की एकाने ९५ आणि दुसऱ्याने ८५ दिलेली तऱ्हेवाईक वाइन ९० वर येऊन बसते आणि तिचं वेगळेपण आकड्यात दिसेनासं होतं. (माझं टोपणनाव बघता हा पक्षपात आहेच.) म्हणून शिकताना पॅनेलपेक्षा एकच समीक्षक धरा, आवडता नसला तरी चालेल. त्याची जीभ आणि तुमची जीभ यांतलं अंतर ठरावीक राहिलं की त्याची नावडसुद्धा उपयोगी पडते.

द्राक्षासव :

टिपणं कशी वाचायची ते लिहितो, कारण पानं त्यांनीच भरलेली असतात.

दोन रंगांची पेनं घ्या. एका रंगाने बांधणीचे शब्द अधोरेखित करा: गोडी, आम्लता, टॅनिन, मद्यार्क, अंग म्हणजे तोंडातला जडपणा, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते. वाइन आवडेल की नाही हे बहुतांशी इथे ठरतं, आणि चाखणारे यांबाबत फारसे भांडत नाहीत. दुसऱ्या रंगाने असे वास अधोरेखित करा ज्यांना ठाऊक असलेलं कारण आहे. व्हॅनिला आणि भाजका वास ओकच्या पिंपातून येतो, नारळाची छटा असेल तर बहुधा अमेरिकन ओक. लोणी आलं की मॅलोलॅक्टिक किण्वन झालेलं असतं: जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्यात डायअसेटिल तयार होतं. पाव किंवा बिस्किटाचा वास मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन ठेवल्याने येतो, म्हणून शॅम्पेनच्या टिपणांत तो हमखास सापडतो. काबर्ने किंवा सोविन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरची असेल तर पायराझिन हे द्राक्षातलं संयुग, फळ कमी पिकलं की ते जास्त राहतं. शिराजमधली काळी मिरी रोटंडोन या संयुगाची. मुरलेल्या रीसलिंगमध्ये पेट्रोल, तो दोष नव्हे.

उरलेलं सगळं, म्हणजे ग्रॅफाइट, बुटाचं चामडं, 'डोंगरातली पहाट', वाचा आणि सोडा. काळं करंट कधी हुंगलंच नसेल तर 'कॅसिस' शब्दाने डोक्यात काहीच उभं राहणार नाही. त्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये केलेलं वासांचं चक्र बघा. मधल्या वर्तुळात 'फळ', बाहेर सरकलं की 'लिंबूवर्गीय', त्याबाहेर नेमकं फळ. सुरुवातीला मधल्या वर्तुळापर्यंत पोचलात तरी पुरे.

सराव असा करा. मासिकात टिपण आलेली आणि हाती लागू शकेल अशी वाइन निवडा, उत्पादक आणि वर्ष दोन्ही जुळलं पाहिजे. टिपण वाचू नका. आधी वाचलं की नाकाला तेच वास सापडतात आणि सराव वाया जातो. तोंडाशी निमुळत्या ग्लासात ५० मिलिलिटर ओता. आयएसओचा चाखणीचा ग्लास साधारण २१५ मिलिलिटरचा असतो, तेवढी मोकळी जागा वास साठायला हवी. लाल वाइन १५ ते १८ अंश, हलकी पांढरी ७ ते १०, ओकमध्ये ठेवलेली पांढरी १० ते १३ अंश सेल्सिअस. तापमान चुकलं की टिपण जुळत नाही आणि दोष मासिकाला जातो: लाल वाइन कोमट असेल तर मद्यार्क नाकात घुसतो आणि फळ दबतं, पांढरी फार गार असेल तर वासच उमलत नाही. बांधणीचे सहा मुद्दे कमी, मध्यम, जास्त असे लिहा, वास दोन-तीनच. मग टिपण उघडा आणि फक्त बांधणी ताडा. दहा-बारा वाइन झाल्या की त्या समीक्षकाचं 'मध्यम आम्ल' म्हणजे तुमचं किती, हे आपोआप कळायला लागतं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला तर थांबा. ते टीसीए या कुबट वासाच्या संयुगाने बिघडलेलं बूच, त्या बाटलीवरून काहीच ताडता येणार नाही.

बुचकळ्यात :

सगळ्यांचे आभार, दोन पेनांचा प्रकार लगेच करून बघतो. काही शंका राहिल्या. काही टिपणांत गुण '(९३-९५)' असे कंसात असतात, ते काय? 'ड्रिंक २०२८-२०४०' असेल तर २०२८ च्या आधी प्यायचीच नाही का? आणि बाटलीवर चिकटवलेलं डिकँटरचं पदक म्हणजे मासिकातली शिफारसच ना?

साका :

कंसातले गुण म्हणजे पिंपातल्या नमुन्यावर बांधलेला अंदाज. बोर्दोची नवी वाइन कापणीनंतरच्या वसंतात, एप्रिलच्या सुमारास, समीक्षकांना पिंपातून चाखवतात आणि तिथूनच आगाऊ विक्री होते. ती बाटलीत भरायला अजून साधारण वर्ष-दीड वर्ष असतं, आणि चाखवलेला नमुना शेवटच्या मिश्रणाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. बाटलीतून पुन्हा चाखल्यावर कंस जातो आणि एक आकडा उरतो. आगाऊ खरेदी करणार नसाल तर ही पानं तुमच्यासाठी नाहीत.

'ड्रिंक २०२८-२०४०' हाही अंदाजच. आधी उघडली म्हणून वाइन खराब नसते, टॅनिन करकरीत आणि वास मिटलेला असतो एवढंच. तासभर आधी डिकँटरमध्ये (मासिक नव्हे, काचेची सुरई) ओतून ठेवली तर थोडी उलगडते. शिकताना 'ड्रिंक नाऊ' लिहिलेल्याच वाइन निवडा, नाहीतर टिपणातलं अर्धं तुमच्या ग्लासात सापडणार नाही.

पदकाचं वेगळं आहे. डिकँटर वर्ल्ड वाइन अवॉर्ड्स ही २००४ पासूनची स्पर्धा. उत्पादक शुल्क भरून वाइन पाठवतात, त्यामुळे ज्यांनी पाठवलीच नाही ते घराणं कितीही थोर असलं तरी निकालात नसणार. ८६ ते ८९ कांस्य, ९० ते ९४ रौप्य, ९५-९६ सुवर्ण, ९७ पासून प्लॅटिनम. कांस्य बघून हुरळू नका आणि नाकही मुरडू नका. पदकावरचं साल स्पर्धेचं असतं, वाइनचं वर्ष लेबलवर वेगळं बघायचं. दुकानातल्या फळीवर लावलेल्या गुणांच्या चिठ्ठ्यांतही हीच गफलत होते, चिठ्ठी आदल्या वर्षीच्या वाइनची आणि बाटली यंदाची.

चौथा घोट :

उलटं मत मांडतो. पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नका. वाइन फॉलीचे नकाशे आणि तक्ते (मासिक नाही, संकेतस्थळ), जॅन्सिस रॉबिन्सन यांच्या संकेतस्थळावरचे खुले लेख आणि वाइन स्पेक्टेटरचं 'आस्क डॉ. व्हिनी' हे शंकासमाधान, एवढ्यावर पाया पक्का होतो. यादीतली टिपणं कुलपाआड असतात, पण त्यांची गरज द्राक्षासव म्हणतात त्या सरावापासून लागते, आधी नाही. वाचनालयाचं सभासदत्व असेल तर लिबी किंवा प्रेसरीडर या अंक वाचायच्या अ‍ॅपवर कुठली मासिकं मिळतात ते आधी तपासा. बऱ्याच वाचनालयांत ही सोय सभासदांना फुकट असते.

फुकट वाचताना एका सापळ्यापासून जपा. फसफसणाऱ्या वाइनच्या लेखांत 'एक्स्ट्रा ड्राय' आलं की ती सर्वांत कोरडी असं नवखा समजतो आणि पुढचा लेख उलटा लागतो. ब्रूत म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ब्रूत ० ते ६, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, सेक १७ ते ३२, दमी-सेक ३२ ते ५०. हा तक्ता अंकात क्वचितच छापतात, समोर असू द्या.

सुटे अंक घ्यायचेच तर महिना बघून घ्या. बोर्दोची पिंपचाखणी एप्रिलमध्ये होते, म्हणून उत्तर गोलार्धातल्या मासिकांचे त्यानंतरचे एक-दोन अंक कंसातल्या गुणांनी भरलेले असतात, ते टाळा. वर्षअखेरच्या अंकांत शॅम्पेन, पोर्ट आणि शेरीवर सविस्तर लेख येतात, ते घ्या. स्पेक्टेटरची वार्षिक शंभर वाइनची यादी १९८८ पासून निघते. ती निव्वळ गुणांची क्रमवारी नाही, किंमत, उपलब्धता आणि त्या वाइनमागची गोष्टही त्यात धरतात. हे माहीत नसेल तर ९४ वाली ९७ वालीच्या वर कशी, असा घोळ होतो.

जुने अंक स्वस्तात मिळाले तर जरूर उचला. खरेदीच्या याद्या वर्षभरात शिळ्या होतात, पण प्रदेशांवरचे लेख आणि नकाशे पुष्कळ काळ चालतात. फक्त कापणीच्या तारखा आणि मद्यार्काची टक्केवारी ताज्या अंकाशी ताडून घ्या. हवामान तापल्यामुळे बऱ्याच प्रदेशांत कापणी अलीकडे सरकली आहे आणि मद्यार्क चढला आहे, जुन्या लेखातले आकडे आजच्या लेबलशी जुळणार नाहीत.